दोन सारख्या दोऱ्या

सोमवार, २ नोव्हेंबर

चि. भिंगरीस आजीचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

सगळ्यात आधी आली ती तुमची उंचाडी, आणि आली ती आमच्या दाराच्या चौकटीवर कपाळ आपटूनच. मी मशीनवर होते. धाडकन आवाज झाला तेव्हा मला वाटलं, खालच्या चावीवाल्याने पुन्हा शिडी पाडली. वळून बघते तर दारात ही एवढी लांब पोर. एका हाताने कपाळ चोळतेय, दुसऱ्या हाताच्या बोटाला ही जाड पट्टी, आणि विचारतेय काय, तर कॅप्टनची आजी इथेच राहते का. मी म्हटलं, राहते बाई, पण तू आधी खाली बस, तू उभी राहिलीस की माझा उजेड अडतो.

मग तिच्या मागून एकेक करत आणखी दहा जणी. जिन्यात बुटांचा एवढा ढीग झाला की वरच्या मजल्यावरच्या नर्सबाईंना वाटलं आपल्याकडे कुणी गेलं की काय. सगळ्यात शेवटी कोचबाई आल्या, कठडा धरून, सावकाश. बास्केटबॉलची मॅच जिंकून तुमची बस परत निघाली होती आणि नेमकं आमच्या रस्त्याच्या तोंडाशी चाक बसलं. तू त्यांना पत्ता देऊन ठेवला होतास हे फार बरं केलंस. तुझी प्रॅक्टिकलची परीक्षा होती म्हणून तू मॅचला नव्हतीस, हेही कळलं. परीक्षा आधी आणि बॉल मागून, त्याबद्दल मी काही बोलणार नाही. मी तिसरीतून शाळा सोडलेली बाई, मला परीक्षेची फार भीती, म्हणून आदरही फार.

पाच जणी पलंगावर, तीन खिडकीत, दोघी कापडाच्या गठ्ठ्यांवर आणि उंचाडी जमिनीवर. जमिनीवर बसूनही तिचं डोकं टेबलाच्या वर. कप पुरले नाहीत तेव्हा मी वाट्या काढल्या, वाट्या संपल्या तेव्हा बटणांचे डबे विसळले. चहा बटणांच्या डब्यात जास्त लागतो असं त्या म्हणाल्या. तुझा बाप लिफ्टचं काम संपवून घरी आला, दारातून आत डोकावला, एवढ्या पोरी बघितल्या आणि आल्या पावली खाली जाऊन चावीवाल्याशी तासभर बोलत बसला. माणसाला लिफ्टच्या खड्ड्यात उतरायला भीती वाटत नाही, पण अकरा पोरींची वाटते.

पण भिंगरे, ही टीम आहे की दवाखान्यातली रांग? उंचाडीचं बोट मोडलेलं. त्या चष्मेवालीचा घोटा मुरगळलेला. बाकीच्यांचे गुडघे सोललेले. मी एकतीस वर्षं पट्ट्यांच्या कारखान्यात काढली, कमरेचे, मानेचे, गुडघ्याचे पट्टे शिवून हॉस्पिटलांना दिले, मला कुठलं राहवतंय. सुतळीचा गुंडा काढला आणि एकेकीला पुढ्यात घेतलं. प्रत्येकीच्या दोन दोऱ्या. गुडघ्याच्या वाटीवरून फिरवायची, जिथे टोक मिळेल तिथे कापायची. उजवीला एक गाठ, डावीला दोन. अकरा जणींच्या बावीस दोऱ्या आता खिडकीजवळच्या खिळ्यावर लटकतायत. कोचबाईंचंही माप घ्यायला गेले, तर म्हणाल्या, आपले खेळायचे दिवस संपले, पट्टा वाया जाईल. त्या दाराजवळच्या स्टुलावर बसल्या होत्या आणि पोरी जिन्यातून उतरत होत्या तेव्हा प्रत्येकीच्या पायांकडे बघत होत्या. बाई कमी बोलते. मला आवडली.

ती सगळ्यात बुटकी, पहिल्या वर्षाची, चिमणी म्हणतात ना तिला? तिने तर प्रश्न विचारून माझं डोकं खाल्लं. इलॅस्टिक कुठलं, शिवण आतून का बाहेरून, घाम आला तर काय. तुझ्या मागे तीच उभी राहते म्हणे, तू दमलीस की तीच येते. जप हो, कानामागून येऊन तिखट व्हायची. चेष्टा करतेय.

आता तुझ्या दोन दोऱ्या तेवढ्या पाठव. दोन्ही गुडघ्यांच्या वेगवेगळ्या. मग बारा जणींचे पट्टे एकदमच शिवायला घेते. माझी माया तुझ्यावर आहेच, तिला कोपऱ्यात टाकू नकोस.

तुझी आजी

*

शनिवार, ७ नोव्हेंबर

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

तू आमच्या टीमला काय पाजलंस? सोमवारपासून इथे सगळ्या तुझ्याबद्दलच बोलतायत. उंचाडी आता हॉलच्या दारातूनसुद्धा वाकून येते, जिथे वाकायची काही गरज नाही. तुझ्या चौकटीने तिला चांगलंच शिकवलं.

आमचं बरं चाललंय. आठ मॅचपैकी सहा जिंकल्या. उंचाडी आणि चष्मेवाली दोघी बसून असताना सहा, म्हणजे बघ. आमच्या आधीच्या कोचसरांचा खाक्या असा होता की दुखलं तरी धावा, रडू आलं तरी धावा. कोचबाईंचं उलट. त्या आल्यापासून पहिले दोन आठवडे आम्ही बॉलला हातच लावला नाही, नुसतं उडी मारून नीट खाली कसं यायचं हे शिकलो. गुडघे वाकवून, आवाज न करता. आवाज झाला की पुन्हा. आम्ही कंटाळून त्यांना मांजरबाई म्हणायला लागलो होतो.

आणि त्यांची जिन्याची गंमत तुला सांगायची राहिली. आमचा हॉल तळघरात आहे, बावीस पायऱ्या उतरून जावं लागतं. कोचबाई रोज सरावाच्या आधी तळाशी खुर्ची टाकून बसतात आणि सगळ्यांना एकेक करून उतरायला लावतात. बोलत काही नाहीत. त्यांचं म्हणणं, तोंड खोटं बोलेल, उतरणारा पाय बोलत नाही. चष्मेवालीचा घोटा त्यांनी असाच पकडला. ती ठीक आहे ठीक आहे म्हणत होती आणि त्यांनी तिला चौथ्या पायरीवरूनच परत पाठवलं.

हॉलची चावी माझ्याकडे असते, कॅप्टन म्हणून. मी सगळ्यांच्या आधी अर्धा तास जाऊन दिवे लावते, बॉलमध्ये हवा भरते. त्यामुळे मी खालीच असते.

सोबत दोन दोऱ्या ठेवल्यात, तू सांगितलंस तशाच गाठी मारून. माझ्या पट्ट्याला निळा रंग चालेल. वीस तारखेला मोठी मॅच आहे, ती जिंकलो की सेमीफायनल नक्की. हे माझं शेवटचं वर्ष, आजी. या वर्षी कप आणायचाच.

चिमणी तिखट होणार नाही, ती फारच गोड आहे. लोभ आहे तो मोजून न देता असाच ओतत राहा.

तुझी भिंगरी

*

गुरुवार, १२ नोव्हेंबर

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

अकरा जणींचे पट्टे झाले. काल तुझ्या बापाने पार्सल करून दिलं, दोरी बांधताना तीनदा विचारलं की एवढी दोरी कशाला. उंचाडीचा पट्टा एवढा लांब झाला की त्यात चिमणीचे दोन्ही पाय मावतील. चावीवाल्याने तर तो डोक्याला बांधून बघितला.

तुझा शिवला नाही.

का ते सांगते, आणि तू आधी रागावून घे, मग वाच. तुझ्या दोन दोऱ्या मी टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. टोकाला टोक लागलं. मग ओढून बघितल्या, ओल्या करून बघितल्या, चष्मा पुसून बघितल्या. सूतभरसुद्धा फरक नाही. आता खिळ्यावरच्या बावीस दोऱ्या बघ. चिमणीच्या दोन दोऱ्यांत एका नखाचा फरक, उंचाडीच्या अर्ध्या बोटाचा. एकतीस वर्षांत मी किती गुडघे मोजले असतील ते देवालाच माहीत, म्हातारे, पोरंसोरं, पैलवान, नाचणाऱ्या बाया. देवाने अजून कुणालाही दोन सारखे गुडघे दिलेले नाहीत. तुलाच तेवढे दिले असतील असं वाटत नाही, तुझे कानसुद्धा एक वर एक खाली आहेत.

म्हणजे तू एकच गुडघा दोनदा मोजलास. चांगला होता तो. दुसऱ्याची दोरी पाठवली असती तर आजीला कळलं असतं की तो सुजलाय. बरोबर ना? आणि चावी घेऊन आधी जाऊन बसतेस ते दिव्यांसाठी नाही, पायऱ्यांसाठी. चोराच्या मनात चांदणं, म्हणूनच पत्रात चावीची गोष्ट तूच मला न विचारता सांगितलीस.

आता माझी गोष्ट ऐक. कारखान्यात खिडकीजवळची जलद मशीन होती, तिच्यावर बसायला मी सहा वर्षं वाट बघितली. मिळाली आणि वर्षभरात मनगट सुजलं. सुपरवायझरबाईंना सांगितलं तर मशीन जाणार. मी थंडी नसताना लांब बाह्यांचं घालून जायला लागले. माझा हात मागे पडला की शेजारच्या मशीनवरची बाई, जिला सगळ्या जाडी म्हणायच्या, ते काम भरून काढायची. तिला वाटायचं मी नवी मशीन समजून घेतेय. दोन महिन्यांनी तिची पाठ धरली. माझं मनगट लपवलं म्हणून तिची पाठ गेली, आणि हे मी तिला कधी बोलले नाही. माझा अंगठा तेव्हापासून सरळ होत नाही, तो मला चालतो. तिचं मला अजून चालत नाही.

कोचबाईंना मी लिहिणार नाही. पत्ता आहे माझ्याकडे, पण ते तुझं काम आहे, आजीचं नाही. मात्र खऱ्या दोऱ्या आल्याशिवाय पट्टा शिवणार नाही. खोट्या मापावर पट्टा शिवणं हे पाप मी आयुष्यात केलेलं नाही, नातीसाठी तर मुळीच नाही.

रागावलीस तरी आजी तुझीच, हे ध्यानात ठेव.

आजी

*

सोमवार, १६ नोव्हेंबर

ती. आजीस नमस्कार. वि. वि.

पट्टे पोचले. सगळ्या खूश आहेत. चिमणी तर तो घालूनच जेवायला आली.

तुझं पत्र मिळालं. हो, उजवा गुडघा थोडा सुजतो. खेळून झालं की. बर्फ लावला की सकाळी उतरतो. यात सांगण्यासारखं काय आहे? उंचाडी नाही, चष्मेवाली नाही. मीही बसले तर वीस तारखेला पहिल्या वर्षाच्या पोरीने टीम चालवायची का? हे शिवणकाम नाही, आजी. इथे एक मॅच हरली की वर्ष गेलं.

तू कोचबाईंना लिहिणार नाहीस असं म्हणालीस. तो शब्द पाळ. पट्टा नसला तरी चालेल, मी बाजारातून घेतलाय.

भिंगरी

*

रविवार, २२ नोव्हेंबर

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

परवाची मॅच आम्ही पाच पॉइंटने हरलो. कशी ते सांगते, कारण तुला सांगितलं नाही तर मला झोप लागणार नाही.

तिसऱ्या क्वार्टरपासून माझा गुडघा वळायला तयार नव्हता. सरळ धावता येत होतं, उजवीकडे वळता येत नव्हतं. मी कुणाला बोलले नाही. माझ्या उजवीकडून समोरची पोरगी सारखी निसटत होती आणि दर वेळी तिला अडवायला चष्मेवाली धावत येत होती. तिचा घोटा नुकता बरा झाला होता, कोचबाईंनी त्याच दिवशी तिला परत घेतलं होतं. तिला वाटत होतं मी मुद्दाम ती बाजू तिच्यावर सोडलीय, असा काही नवा डाव आहे. शेवटच्या मिनिटात ती तशीच धावली आणि तोच घोटा पुन्हा गेला. पडल्यावर ती माझ्याकडे बघून सॉरी म्हणाली, आजी. मला. सॉरी.

मला तुझ्या शेजारची जाडी आठवली.

बसमध्ये सगळ्या बसल्यावर मी कोचबाईंच्या सीटपाशी गेले आणि सांगितलं. गुडघा कधीपासून सुजतो ते, चावी घेऊन आधी का जाते ते, दोऱ्यांचंसुद्धा. मला वाटलं त्या मला कॅप्टनपदावरून काढतील. त्यांनी माझा गुडघा दाबून बघितला. मग म्हणाल्या, चूक दोघींची आहे. सगळ्यांना जिन्याने उतरवणारी मी, आणि ज्या मुलीला उतरताना कधीच बघितलं नाही तिच्याच हातात चावी मीच दिली. मग त्या उठून चष्मेवालीपाशी जाऊन बसल्या, आणि मला खूण करून तिच्या दुसऱ्या बाजूला बसायला लावलं. मी तिलाही सांगितलं. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. आज सकाळी बोलली. म्हणाली, पुढच्या वेळी डाव असेल तर आधी कळव.

डॉक्टरांनी बघितलं. आतला बंध ताणलाय, तुटलेला नाही. तीन आठवडे खेळ बंद, मग थोडं थोडं. आणखी खेळले असते तर तुटला असता असं ते म्हणाले. सेमीफायनलची आशा अजून आहे, पण पुढच्या तीन मॅचपैकी दोन जिंकाव्या लागतील. माझ्याशिवाय.

सोबत दोन दोऱ्या. या चिमणीने मोजल्यात, मी हात लावलेला नाही. फरक दोन बोटांचा आहे. मागच्या पत्रात जे बोलले ते विसर. शिवणकामाबद्दल तर नक्कीच विसर.

तुझी (लंगडी) भिंगरी

*

गुरुवार, २६ नोव्हेंबर

चि. भिंगरीस खूप खूप आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं, तुझ्या बापाने दोनदा, आणि तो पुन्हा खाली जाऊन चावीवाल्याशी बोलत बसला, म्हणजे त्याला बरं वाटलं असं समज. तो एवढंच म्हणाला, लिफ्टमध्ये आवाज आला की आपण ती बंद करतो, घासत नेत नाही. त्याच्या तोंडून याहून जास्त मायेचं वाक्य मी तुझ्या आईच्या लग्नातसुद्धा ऐकलं नाही.

शिवणकामाचं मी विसरले. (विसरले नाही, पण त्याची कुरकुर तू आल्यावर करेन.)

आता तीन आठवडे बेंचवर बसायचं आहे ना, तर नीट बस. बाहेर बसून उंटावरून शेळ्या हाकणारे पुष्कळ असतात, तू त्यातली होऊ नकोस. एकाच गोष्टीकडे बघ. आमच्याकडे कुणाचा हात दुखला की सुपरवायझरबाई तिला घरी पाठवायच्या नाहीत, नव्या पोरीच्या शेजारी स्टूल टाकून बसवायच्या. हात लावायचा नाही, नुसतं बघायचं आणि दिवसातून तीन गोष्टी सांगायच्या, चौथी नाही. माझं मनगट पुढे लपेनासं झालं तेव्हा मी अशीच शिकवली होती ती जाडीची मुलगी. आज ती त्या कारखान्यात सुपरवायझर आहे. चिमणीला रोज तीनच गोष्टी सांग.

दर रविवारी दोऱ्या पाठव. मीही हात लावणार नाही, नुसती खिळ्यावर लावत जाईन.

आजी

*

सोमवार, १४ डिसेंबर

आदरणीय आजींना सप्रेम नमस्कार. वि. वि.

तुम्ही मला ओळखताच, तुमच्या स्टुलावर बसून बटणांच्या डब्यातून चहा पिणारी ती मीच. पत्र लिहायची मला सवय नाही, चूकभूल सांभाळून घ्या.

तीनपैकी दोन मॅच आम्ही जिंकलो आणि परवा सेमीफायनलही. येत्या शनिवारी फायनल आहे. तुमची नात या तीन आठवड्यांत एक मिनिटही खेळली नाही, पण टीम तीच चालवते असं मला वाटायला लागलंय. रोज चिमणीच्या शेजारी बसते आणि तीनच गोष्टी सांगते, का तीनच ते तिने सांगितलं नाही, फक्त एवढंच म्हणाली की चौथीला बंदी आहे. चिमणी आता बॉल घेऊन उजवीकडे वळते तेव्हा मला माझ्या डोळ्यांवर विश्वास बसत नाही.

तुमच्या दोऱ्यांचा आम्ही नियम केलाय. दर रविवारी सरावाआधी सगळ्या एकमेकींचे गुडघे आणि घोटे मोजतात. स्वतःचं स्वतः मोजायचं नाही, एवढीच अट. आणि हॉलची चावी आता रोज वेगळ्या मुलीकडे असते. मुली म्हणतात की ही अट जिन्यापेक्षा कडक आहे. आहेच.

सोबत कालच्या दोन दोऱ्या आहेत, त्या मी स्वतः मोजल्या. डॉक्टरांनी तिला फायनलमध्ये दहा मिनिटांपर्यंत परवानगी दिली आहे. निर्णय माझा आहे आणि तो मी घेईन. पण तुमच्या खिळ्यावरच्या दोऱ्या काय म्हणतात ते ऐकायला आवडेल. खरं सांगायचं तर मला भीती वाटते की ती पुन्हा लपवेल.

आपलेपणा असाच ठेवा.

कोच

*

बुधवार, १६ डिसेंबर

सौ. नाही, कु. नाही, नुसत्या कोचबाईंना सप्रेम आशीर्वाद. (तुम्ही माझ्या लेकीच्या वयाच्या, म्हणून आशीर्वाद.) वि. वि.

चार रविवारच्या दोऱ्या ओळीने लावल्यात. दोन बोटं, दीड, एक, अर्धं. अर्ध्या बोटाचा फरक म्हणजे उंचाडीएवढा. म्हणजे दोरीचं म्हणणं की पोरगी बरी झाली. पण दोरी पळत नाही, पाय पळतो, तेव्हा किती मिनिटं ते तुम्हीच ठरवा.

लपवण्याचं म्हणाल तर मी सांगते, नाही लपवणार. एकदा लपवून ज्याच्या नावे दुसऱ्याचा घोटा लागला, त्याला पुन्हा लपवायला तोंड राहत नाही. तरीही तुम्हाला काळजी वाटत असेल तर सगळ्यांसमोर विचारा, एकटीला नको. चारचौघांत खोटं बोलायला भिंगरीला लहानपणापासून जमत नाही, लगेच डावा कान लाल होतो.

निळा पट्टा सोबत. खऱ्या मापाचा.

चहाला डबा राखून ठेवलाय. बाकी तुम्ही जाणत्या आहात.

एक आजी

*

सोमवार, २१ डिसेंबर

चि. भिंगरीस आशीर्वाद, आशीर्वाद आणि आशीर्वाद. वि. वि.

काल तू स्वतःच समोर बसली होतीस, मग पत्र कशाला असं तू म्हणशील. पण तेरा जणी एकदम बोलत असताना आजीला काय बोलता आलं? मी ऐकत होते, त्याचाच हिशेब आज लावतेय. शिवाय तू तुझी गोष्ट नीट सांगितलीच नाहीस, ती मला बाकीच्यांकडून तुकड्या-तुकड्याने गोळा करावी लागली.

सगळ्यात आधी आली ती पुन्हा उंचाडीच. या वेळी एवढी वाकून आली की दाराआधीच गुडघ्यावर आली. कप तिच्या डोक्यावर. कप म्हणजे केवढा, माझ्या कणकेच्या डब्याएवढा. खालचा चावीवाला म्हणाला, याला कुलूप लावायचं असेल तर फुकट करून देतो. तुझा बाप या वेळी खाली गेला नाही, बघितलंस का? स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला, हातात रिकामा ट्रे घेऊन, सगळं ऐकत.

उंचाडी म्हणाली, शेवटच्या क्वार्टरला तीन पॉइंट मागे होतो तेव्हा कोचबाईंनी भिंगरीला आत पाठवलं. चष्मेवाली म्हणाली, तिने आत येऊन पहिल्याच मिनिटात दोन बास्केट केले आणि आपण एका पॉइंटने पुढे गेलो. मग सगळ्या तुझ्याकडे बघायला लागल्या, आणि तू बिस्किटाचा चुरा गोळा करत बसलीस. तेव्हा चिमणीनेच सांगितलं. मॅचला तीन मिनिटं राहिली होती. बॉल तुझ्या हातात होता. तू उजवीकडे वळलीस, थांबलीस, पास दिलास, आणि मग हात वर केलास. कुणी विचारलं नव्हतं. डॉक्टरांनी दिलेल्या दहांपैकी चारसुद्धा संपली नव्हती. कप इतका जवळ होता, आणि तू स्वतःहून बेंचकडे बघून हात वर केलास की मला काढा, गुडघा गरम झालाय, चिमणीला पाठवा.

चिमणी म्हणाली, आत जाताना तू तिच्या कानात सांगितलंस की तीन गोष्टींपैकी आता दोन विसर. तिसरी कुठली ते तिने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही, तुमचं तुमच्यात.

पुढे काय झालं ते मला चार जणींनी चार वेगळ्या तऱ्हेने सांगितलंय. एवढं खरं दिसतं की शेवटच्या दहा सेकंदांत तुमचा एक पॉइंट कमी होता, चिमणीने बॉल टाकला, तो त्या बूड नसलेल्या टोपलीच्या कडेवर नाचून बाहेर आला आणि उंचाडीने आपल्या त्या मोडून जुळलेल्या बोटाने त्याला आत ढकललं. बोटाने म्हणाली. मी तिचं बोट तपासलं, ठीक आहे.

भिंगरे, कपाचा आनंद मला झाला, नाही कसा? पण मला रात्रभर डोळ्यांसमोर दिसत होता तो तुझा वर केलेला हात. तो मी कधी वर केला नाही. म्हणून म्हातारीला रडू आलं, माझा कमरेचा पट्टा घट्ट झाला म्हणून नाही, तसं मी तुझ्या बापाला सांगितलं ते खोटं होतं.

आणि कोचबाईंचं. ते तुम्ही बघितलंत, पण मला ते लिहून ठेवायचंय. मी सुतळीचा गुंडा काढून तुमची मापं घ्यायला लागले, तेव्हा चिमणी सरळ उठली आणि काही न विचारता कोचबाईंच्या पायाशी जाऊन बसली. त्या नको नको म्हणाल्या. चिमणी म्हणाली, स्वतःचं स्वतः मोजायचं नाही, नियम तुमचाच आहे. मग त्यांना हसू आलं आणि त्यांनी पाय पुढे केला. डावा ठीक. उजव्याची दोरी तीन बोटं लांब निघाली. तेव्हा त्या हळूच बोलल्या की आपणही शेवटच्या वर्षी एका फायनलमध्ये हात वर केला नव्हता. जिंकल्या. त्यानंतर कोर्टवर उतरता आलं नाही. कप घरी आहे, पण कुठल्या कपाटात ते आठवायला वेळ लागतो, असं म्हणाल्या. आणि आम्ही समजत होतो की बाई जिन्यात कठडा धरते ती वयाने.

त्यांच्या दोन दोऱ्या आता खिळ्यावर आहेत, तुमच्या बारा जोड्यांच्या वर. त्यांचा पट्टा साधा चालणार नाही, बाजूने पोलादी पट्ट्या घालाव्या लागतील. जाडीच्या मुलीला काल संध्याकाळी लगेच निरोप धाडला, कारखान्यातून चांगल्या घेऊन ये म्हणून. ती येते म्हणाली, आईलाही घेऊन येते म्हणाली. जाडी येणार आहे, भिंगरे. मला तिला एक जुनी गोष्ट सांगायची आहे, आणि ती मी तुम्हा सगळ्यांसमोर सांगणार, म्हणजे मला लपवता येणार नाही. तूच शिकवलंस.

व्यायाम चुकवू नकोस. आजीवरचं तुझं प्रेम आहे त्याच मापाचं ठेव, सैल नको, घट्टही नको.

तुझी आजी

ता. क. कोचबाई जाताना जिन्यातून ओरडून सांगून गेल्या, तू बसमध्ये होतीस म्हणून तुला कळवते. सगळ्या पुन्हा येणार आहेत, त्यांचा पट्टा घालून बघायला, आणि जाडीलाही मी तोच दिवस सांगितलाय. रविवार, दहा जानेवारी, सकाळच्या पहिल्या बसने.